दह्यावरचा आळ

नाथाजी खोत बावीस वर्षं फौजेत होते आणि त्यातली सोळा वर्षं त्यांनी रेशनच्या कोठारात काढली. बंदूक त्यांनी सरावापुरतीच चालवली. आलेला माल तपासून घ्यायचा आणि जवानांना वाटायचा, हे त्यांचं खरं काम. आट्याचं पोतं ट्रकमधून उतरलं की ते आधी त्याची शिवण बघत, मग लेबल वाचत, मग मूठभर आटा तळहातावर घेऊन हुंगत. पोत्याला ओल लागली असेल तर त्यांना ती दारातूनच कळते, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत.

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते सांगलीत आले. विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांनी घर बांधलं आणि कुपवाडच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. सकाळी सव्वाआठला त्यांची स्कूटर गल्लीतून जायची आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायची. मुलगी उत्कर्षा लग्न होऊन पुण्याला. घरात ते आणि त्यांची बायको सुलाबाई, दोघंच.

चौपन्नाव्या वर्षी त्यांचं वजन उतरायला लागलं. पोट तर त्यांचं आधीपासूनच नाजूक होतं. फौजेत असताना कुठल्याही नव्या गावी बदली झाली की ते बिघडायचं आणि ते म्हणायचे, पाणी बदललं. आता पाणी तेच होतं, वारणेच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला कृष्णेचं पाणी काही परकं नव्हतं, तरी दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं एक भोक पाडलं, मग दुसरं पाडलं. एकाहत्तर किलोचा माणूस छप्पन्नवर आला. रक्त वाढायच्या गोळ्या दोन वेळा बदलल्या, रक्त काही वाढलं नाही. कुणी म्हणालं जंत असतील, कुणी म्हणालं काळजी असेल. काळजी कसली, तर तेही कुणाला सांगता येईना.

शेवटी पोटाच्या आजारांच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली, नळी घालून आतड्याचा तुकडा काढून बघितला आणि सांगितलं की हा सिलियाक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लुटेन नावाचा एक घटक असतो, तो नाथाजींच्या आतड्याला चालत नाही. पोळी बंद, रवा बंद, मैदा बंद, शेवया, बिस्किटं, ब्रेड, जव, सगळं बंद. थोडे दिवस नव्हे, आयुष्यभर. आणि थोडंसं चालेल असंही नाही, कणभरसुद्धा चालणार नाही.

नाथाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सोळा वर्षं मी फौजेला आटा वाटलाय."

डॉक्टरीणबाई कागदावर पथ्य लिहीत होत्या. मग त्यांनी सांगितलं की आतडं सुजलेलं आहे तोवर दूध पचणार नाही, दोन-तीन महिने दूध नको. दही मात्र चालेल. रोज खा, ताकदीला चांगलं.

या शेवटच्या वाक्यावर नाथाजी जरा सावरले. कारण दही हा त्यांचा जीव होता. लहानपणी शिराळ्याला घरात दोन म्हशी होत्या आणि दुपारी शेतातून आलं की भाकरीबरोबर वाडगाभर दही ठरलेलं. फौजेतही कुठं दही मिळालं की ते दुसऱ्याची वाटी मागून घ्यायचे.

पुढचे आठ दिवस त्यांनी घर असं साफ केलं की जणू वरच्या साहेबांची तपासणी यायची आहे. गहू शेजारी दिला. जुना पोळपाट आणि लाटणं मोलकरणीनं नेलं. तवा नवा आणला. गिरणीत ज्वारी दळायची तर आधीच्या माणसाचा गहू जात्याला लागलेला असतो, म्हणून घरघंटी घेतली. ज्वारीची भाकरी आपल्याकडे काही परकी नाही, त्यामुळं जेवणाची अडचण फारशी आली नाही. सुलाबाई म्हणाल्या, पंजाबात जन्मला असतात तर उपाशी मेला असतात. भाजी-आमटीचा मसाला त्या घरीच कांडायच्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये नाथाजींनी जेवण बंद केलं आणि डबा न्यायला सुरुवात केली. होळीला शेजारून पुरणपोळीचं ताट आलं, ते सुलाबाईंनी दारातूनच हात जोडून परत केलं. त्यानंतर गल्लीला सगळं कळलं.

राहिलं दही.

पहिल्या रविवारी नाथाजी चौकातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथं काचेचा फ्रिज होता आणि त्यात दह्याचे इतके प्रकार होते की त्यांना वाटलं आपण आयुष्यभर एकच दही खाल्लं. आंब्याचं दही, स्ट्रॉबेरीचं दही, घट्ट दही, पातळ दही, वजन कमी करायचं दही, वर चिमुकल्या डबीत काहीतरी कुरकुरीत ठेवलेलं दही. त्यांनी खिशातून भिंग काढलं. एकेक कप हातात घेऊन ते मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. कुरकुरीत डबीत ओट आणि गव्हाचे पोहे निघाले, तो कप त्यांनी परत ठेवला. आंब्याच्या दह्यात दूध होतं, साखर होती, आंब्याचा गर होता आणि पुढं लिहिलं होतं मॉडिफाइड स्टार्च. आता हा स्टार्च कशाचा? मक्याचा असला तर हरकत नाही, गव्हाचा असला तर हरकत आहे. कपावर ते लिहिलेलं नव्हतं. फ्रिजचं दार तोवर उघडंच होतं. दुकानातला माणूस दोनदा येऊन बघून गेला आणि तिसऱ्यांदा त्यानं विचारलं की काका, काही हरवलंय का.

नाथाजींनी कपावरचा नंबर घरी येऊन लावला. पलीकडच्या मुलीनं नम्रपणे त्यांचं नाव, गाव आणि तक्रार विचारली. त्यांनी सांगितलं, तक्रार नाही, चौकशी आहे, तुमच्या दह्यात घातलेला स्टार्च कुठल्या धान्याचा ते फक्त सांगा. मुलगी म्हणाली, कळवते. नाथाजींना वाटलं नव्हतं, पण बाराव्या दिवशी उत्कर्षाच्या ईमेलवर उत्तर आलं की स्टार्च मक्याचा आहे. ते पत्र त्यांनी छापून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

पण रोजच्या जेवणाला आंब्याचं दही कोण खाणार? रोजच्यासाठी साधंच दही पाहिजे. साध्या दह्यात दूध आणि विरजण, तिसरं काही नाही, एवढी त्यांनी खात्री करून घेतली आणि एका नावाजलेल्या कंपनीची पिशवी आणायला सुरुवात केली. दुपारी त्या दह्याचं दाट ताक करायचं, त्यात मीठ, जिरेपूड आणि हिंग घालायचा आणि भाकरी कुस्करून खायची. भाजीला त्यांच्या घरात हिंग लागत नसे, पण ताकाला नाथाजींना तो लागायचाच, आणि चांगला चिमूटभर लागायचा.

दही सुरू होण्याआधीचे पथ्याचे पंधरा दिवस बरे गेले होते. वजन सातशे ग्रॅमनं वाढलं होतं. मग एका दुपारी जेवण झाल्यावर तासा-दोन तासांनी पोटात पिळा पडला आणि जुना त्रास परत सुरू झाला.

नाथाजींनी वही घातली. तारीख, दही कुठलं, किती खाल्लं, पुढं काय झालं. ज्या दिवशी दही, त्या दिवशी त्रास. ज्या दिवशी दही नाही, त्या दिवशी आराम. कोठारातल्या माणसाला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. त्यांनी ती कंपनी बंद केली आणि दुसरी आणली. दुसरीनंही तेच केलं. तिसरी आणली. मधे एकदा दहा दिवस दहीच बंद ठेवलं, तर इतकं बरं वाटलं की त्या दहा दिवसांत ते दोनदा चालत गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. म्हणजे दोष दह्यातच होता. पिशवीवर लिहीत नाहीत, पण दही घट्ट व्हावं म्हणून आत काहीतरी घालत असले पाहिजेत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

आणि पोट दुखलं की सुलाबाई काय करायच्या, तर ताकात आणखी थोडा हिंग घालायच्या. पोटाला हिंगासारखं औषध नाही, हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं.

आमच्या गल्लीच्या मागे शमशेर मुल्लाणी यांची डेअरी आहे. शमशेर दूध घालतात आणि त्यांची आई मेहरुनबी दही लावते. वय सत्तरीच्या पुढं, पण रोज संध्याकाळी मातीच्या पसरट भांड्यांत दूध ओतून विरजण लावायचं काम ती सुनेला करू देत नाही. तिचं दही चाकूनं कापावं असं लागतं. कंपन्यांच्या पिशव्यांना कंटाळून नाथाजींनी तिथलं दही आणलं. पहिल्या घासाला त्यांना शिराळ्याच्या घराची आठवण झाली. पण दोन तासांनी पोटात पिळा पडला. मग त्यांनी घरी दही लावून बघितलं, पण विरजण मेहरुनबीच्याच दह्याचं होतं, आणि त्रास झाला तसा त्यांचा संशय पक्का झाला.

जूनअखेरची सकाळ होती. रात्रभर हैराण झालेले नाथाजी तसेच डेअरीवर गेले. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. नाथाजींनी सगळ्यांदेखत शमशेरना विचारलं की दह्यात काय घालता, मैदा का आरारूट, इतकं घट्ट दही काय उगंच लागतं का. शमशेरना आधी वाटलं हवालदार थट्टा करतायत. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते काही बोलायच्या आत मेहरुनबी आतून पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती आवाज न चढवता म्हणाली, "हवालदार, माझ्या दह्यावर लोकांचं रोजं सुटत्यात. त्यात मी पीठ घालीन व्हय?"

नाथाजी परत आले. पण त्यांचं मत बदललं नाही. पुढं दीड महिना ते त्या रस्त्यानं गेले नाहीत; स्कूटर लांबच्या वळणानं न्यायचे.

याच सुमाराला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. त्या म्हणाल्या, या आजाराचा रक्तातला आकडा खाली यायला पाहिजे होता तेवढा आलेला नाही, कुठून तरी गहू पोटात जातोय, नीट शोधा. नाथाजींनी वही दाखवली. बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या की साध्या दह्यानं असं होऊ नये. नाथाजींना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, बाईंना दुकानदार कसे असतात ते माहीत नाही.

आता एकच खात्रीची जागा उरली होती. शिराळ्याला त्यांची थोरली बहीण रंगूबाई राहायची, मुलगा आणि सुनेबरोबर. नाथाजी चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हापासून या आक्कानंच त्यांना सांभाळलं. तिच्या गोठ्यात अजून एक म्हैस होती आणि तिचं विरजण तिच्या लग्नापासूनचं होतं. एका दिवसाचं दही दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावत लावत ते इथवर आलं होतं. बाहेरचं काहीच त्यात शिरायला वाट नव्हती. नागपंचमी जवळ आली होती. नाथाजींनी ठरवलं, पंचमीला जायचं, आक्काचं दही खाऊन बघायचं आणि विरजण घेऊन यायचं.

त्यांनी फोनवर आक्काला सगळं समजावून सांगितलं. रंगूबाईला हा आजार काही केल्या समजत नव्हता. गव्हानं माणूस आजारी पडतो हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. पण भाऊ सांगतो म्हणजे खरं, एवढं तिनं धरलं आणि सांगितलं तसं केलं. दह्याचं भांडं पिठाच्या डब्यापासून लांब, देवाच्या खोलीत ठेवलं. घरच्या ज्वारीच्या लाह्या आधीच फोडून वेगळ्या डब्यात भरल्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी नाथाजी आणि सुलाबाई शिराळ्याला पोचले तेव्हा रंगूबाईचा उपास होता. भावासाठी करतात तो उपास ती एकही वर्ष चुकली नव्हती, भाऊ फौजेत, आसामात तेजपूरला असतानाही नाही. तिनं नाथाजींच्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाली की हाडंच लागत्यात. मग ती बराच वेळ चुलीपाशी काहीतरी आवरत बसली.

दुसऱ्या दिवशी पंचमीच्या जत्रेनं गावात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर वाजंत्री चालली होती, आणि आत रंगूबाईची सून पुरणाची दिंडं उकडत होती. त्या दिवशी घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, फोडणी टाकायची नाही. दिंडं गव्हाच्या पारीची, ती नाथाजींना चालणार नव्हती. म्हणून रंगूबाईनं त्यांचं ताट स्वतः वेगळं केलं. एका धुतलेल्या वाडग्यात लाह्या घेतल्या, वर आपल्या हातचं दही घातलं, मीठ घातलं, आधीच कुटून ठेवलेली जिरेपूड घातली. नाथाला लहानपणापासून हिंग आवडतो हे तिला आठवत होतं. फोडणी करायची नव्हती, म्हणून तिनं डबीतला हिंग तसाच, सढळ हातानं वरून भुरभुरला.

नाथाजींनी दोन वाडगे खाल्ले. सुलाबाई सांगतात, त्या दिवशी खाताना त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता.

दिवेलागणीला ते पोट धरून खाटेवर आडवे झाले.

सगळ्यांना वाटलं, आता काय उरलं? सुलाबाईंच्या तर मनात आलं की डॉक्टरनी निदानच चुकीचं केलंय. पण सकाळी त्रास थोडा उतरला तेव्हा नाथाजी उठून ओट्यावर बसले आणि त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. आजवर ते दह्यावर संशय घेऊ शकत होते, कारण दही दुसऱ्याचं होतं. हे दही आक्काचं होतं. ही म्हैस, हे दूध, हे विरजण त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. या दह्यात खोट असूच शकत नव्हती. आणि तरी त्रास झाला होता. म्हणजे खोट दह्यात नव्हती. दह्याच्या बरोबर दुसरं काहीतरी रोज पोटात जात होतं, सांगलीत आणि शिराळ्यातही.

त्यांनी आक्काला हाक मारली आणि सांगितलं की काल माझ्या वाडग्यात जे जे पडलं ते सगळं इथं आणून मांड.

रंगूबाईनं मांडलं. लाह्यांचा डबा. मिठाची बरणी. जिरेपुडीची वाटी. हिंगाची डबी. नाथाजींनी एकेक वस्तू हातात घेतली. ज्वारी घरची. जिरं घरी कुटलेलं. मीठ म्हणजे मीठ. मग त्यांनी हिंगाची डबी घेतली, चष्म्यावर भिंग धरलं आणि ती गोल फिरवली. डबीच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तीन घटक लिहिले होते. खाण्याचा डिंक, हिंग, आणि त्या दोन्हीच्या मधे व्हीट फ्लोअर. हे दोन शब्द त्यांनी सोळा वर्षं हजारो पोत्यांवर वाचले होते.

हिंग नुसता फार उग्र असतो, म्हणून त्यात गव्हाचं पीठ मिसळून डबीत भरतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? नाथाजींनाही नव्हतं. त्यांनी रेशनच्या प्रत्येक मालाचं लेबल वाचलं होतं, दह्याचा प्रत्येक कप वाचला होता, पण ताकातल्या हिंगाकडे कधी बघितलं नव्हतं. हिंग हे औषध. औषधावर कोण संशय घेतं?

त्यांनी शब्द मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला तेव्हा रंगूबाई खाली बसली.

ती म्हणाली, "म्या परवा उपास धरला त्यो तुझ्यासाठी. आन काल माझ्याच हातानं तुला इख घातलं."

"आक्का, तसं न्हाई," नाथाजी म्हणाले. "चार महिनं म्या दह्याला शिव्या घालतोय. तुझं दही खरं व्हतं म्हणून आज कळलं. दुसऱ्या कुनाचं असतं तर म्या पुन्ना त्यालाच चोर ठरवला असता."

रंगूबाईला हे पटायला वेळ लागला. तिनं डबी उचलली आणि उकिरड्यावर टाकून आली. मग हात धुवून तिनं दुसरा वाडगा आणला, नुसतं दही आणि मीठ घातलं आणि तो भावासमोर ठेवून तिथंच बसून राहिली. नाथाजींच्या पोटात अजून दुखत होतं, खायची इच्छा नव्हती. पण त्यांनी दोन घास खाल्ले. त्या दुपारी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही.

सांगलीला परत आल्यावर सुलाबाईंनी आधी स्वयंपाकघरातली डबी काढून बघितली. वेगळी कंपनी, पण तेच तीन घटक. औषध म्हणून आपणच मात्रा वाढवत होतो, हे त्यांना फार लागलं. नाथाजी त्यांना म्हणाले की आपण दोघांनी मिळून पोट बिघडवलं, आता दोघांनी मिळून नीट करू. त्या दिवसापासून त्या घरात जे काही बाहेरून येतं त्याचं लेबल आधी सुलाबाई वाचतात आणि मग नाथाजी वाचतात.

एक काम राहिलं होतं. नाथाजींनी ते टाळलं नाही, पण त्यासाठी त्यांनी वेळ निवडली. रविवारी सकाळी साडेसातला, जेव्हा शमशेरच्या डेअरीवर सगळ्यात जास्त गर्दी असते, तेव्हा ते गेले. आळ चारचौघांत घेतला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागायची, असा त्यांचा हिशेब. रांगेत त्यांचा नंबर आल्यावर त्यांनी हिंगाची डबी काउंटरवर ठेवली आणि मेहरुनबीला बाहेर बोलवायला सांगितलं. ती आली. नाथाजींनी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "चाची, मी तुमच्या दह्यावर आळ घेतला. चूक माझी. मला माफ करा."

शमशेर गडबडून गेले. ते जाऊ द्या हो, जाऊ द्या हो, म्हणत राहिले. मेहरुनबीनं डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, आणि विचारलं की मग या दीड महिन्यात दही कुठलं खाल्लं. नाथाजींनी सांगितलं, बहिणीचं. तिनं विचारलं, माझ्यापेक्षा चांगलं लागतं का. रांगेतली माणसं हसली. नाथाजी म्हणाले की बहिणीचं बहिणीचं आहे, पण रोज शिराळ्याला जाता येत नाही.

मेहरुनबीनं त्यांना भांड्याच्या मधलं, साय न मोडलेलं दही काढून दिलं. पोट दुखणारा माणूस कधीतरी बोलतो, त्याचं काय मनावर घ्यायचं, असं ती नंतर शेजारणीला म्हणाली. पण ती दीड महिना रोज मनावर घेत होती, हे शमशेरनी मला सांगितलं.

दिवाळीनंतर रक्त तपासलं तेव्हा आकडा बराच खाली आला होता. वजन चौसष्ट झालं. पट्ट्याची ती दोन जादा भोकं तशीच आहेत, पण आता वापरात नाहीत. ताकात ते हिंगाऐवजी आल्याचा रस घालतात. तांदळाच्या पिठात केलेला हिंगही मिळतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि उत्कर्षानं पुण्याहून एक डबी पाठवलीसुद्धा. नाथाजींनी ती तपासून कपाटात ठेवली आहे. उघडायची घाई त्यांना नाही.

डॉक्टरीणबाई आता नव्यानं हा आजार निघालेल्या माणसांना नाथाजींचा नंबर देतात. दर महिन्याला एखाद-दुसरा फोन येतो. मागच्या महिन्यात मिरजेहून सुमैरा नावाची एक शिक्षिका आली होती. वय सव्वीस-सत्तावीस. महिन्यापूर्वीच निदान झालेलं. तिनं घाबरून जवळजवळ सगळंच खाणं सोडलं होतं. भात, उकडलेली बटाटी आणि केळी, एवढ्यावर ती दिवस काढत होती. दहीसुद्धा खात नव्हती, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्यात काहीही असू शकतं. सुलाबाईंनी तिला ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. ती आधी भाजीत काय काय आहे ते विचारून घेऊन मगच जेवली, आणि ते नाथाजींना फार आवडलं.

जेवण झाल्यावर ते तिला चौकातल्या त्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. फ्रिजचं दार उघडून त्यांनी तिला एकेक कप हातात दिला. आधी घटक वाचायचे. मग खाली ठळक अक्षरांत काय आहे ते बघायचं, गहू असेल तर तिथं लिहिलेलं असतं. कुरकुरीत काही बरोबर असेल तर तो कप तिथंच ठेवायचा. स्टार्च कशाचा ते कळत नसेल तर घ्यायचा नाही, फोन करायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. साधं दही असेल आणि दूध व विरजण एवढंच असेल तर बिनधास्त घ्यायचं. आणि दह्यात वरून आपण काय घालतो ते कुणीच लिहून देत नाही, ते आपलं आपण बघायचं.

सुमैरानं सात-आठ कप वाचले. दोन बाजूला ठेवले, एकाबद्दल नाथाजींना विचारलं, आणि शेवटी केशराचं एक निवडलं. नाथाजींनी ते घेऊन भिंगाखाली धरलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"घ्या," ते म्हणाले. "बरोबर वाचलंत."

तिला घरी पोचेपर्यंत दम निघाला नाही. दुकानाच्या पायरीवर, उन्हात उभं राहून, लाकडी चमच्यानं तिनं तो कप संपवला. नाथाजी शेजारी स्कूटरला टेकून, मिरजेची बस कुठून सुटते ते तिला सांगत होते.